स्कॅनचं बटण आणि आंदणाची गाय

आमच्या दूध संघाच्या नव्या गाडीत वायरलेस सेट बसवायला मागच्या महिन्यात नगरहून एक तंत्रज्ञ आला होता. डॅशबोर्ड उघडा टाकून, दातांत स्क्रू धरून त्यानं विचारलं, "मॅडम, स्कॅनवाला लावू की साधा? खरं सांगू का, जनावरांच्या डॉक्टरला स्कॅनचा काही उपयोग नाही." कुणी 'खरं सांगू का' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी म्हटलं, आधी चहा घ्या, मग सांगते. चहा संपेपर्यंत अर्थातच सगळं सांगून झालं नाही. त्याला नुसतं 'स्कॅनवाला लावा' एवढंच सांगितलं. का, ते इथे लिहिते.

मी अकोले तालुक्याच्या डोंगरपट्ट्यात गाई-म्हशींवर उपचार करत फिरते. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला मोबाईलला रेंज येते ती एखाद्या वळणावर, आणि त्या वळणावर आधीच तीन मोटरसायकली थांबून मोठमोठ्यानं बोलत असतात. म्हणून संघाच्या गाड्यांमध्ये अजून वायरलेस आहे. चार चॅनेल आहेत. एक नंबर डोंगरपट्ट्यातल्या डॉक्टरांचा, म्हणजे माझा. दोन नंबर नदीकाठच्या डॉक्टरांचा, कोल्हारच्या बाजूचा. तीन टँकरवाल्यांचा आणि चार ऑफिसचा. साध्या सेटवर तुम्ही जो नंबर लावाल तेवढाच ऐकू येतो. स्कॅन चालू केला की सेट आपला आपण चारही नंबरांवर फिरत राहतो आणि जिथे कुणी बोलत असेल तिथे थांबून तुम्हाला ते ऐकवतो. बोलणं थांबलं की पुन्हा फिरायला लागतो.

ऐकायची मुभा असली तरी बोलायची नसते. दुसऱ्याच्या चॅनेलवर तोंड घालायचं नाही, हा आमच्याकडचा न लिहिलेला नियम. फारच राहवलं नाही, तर माइकचं बटण दोनदा दाबायचं. समोरच्याला नुसतं कट-कट ऐकू येतं. त्याचा अर्थ एवढाच, की ऐकलं बरं का.

मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या गाडीतल्या सेटला स्कॅन होता आणि माझ्या ड्रायव्हरमामांना तो अजिबात आवडत नव्हता. मामा गाडी चालवण्यात जितके मऊ, तितके या बाबतीत कडक. "दुसऱ्याच्या घरात कशाला डोकवायचं? आपल्याला हाक मारली तर ऐकू आली पायजे, बास." मी स्कॅन चालू करायची, मामा गिअर बदलता बदलता हळूच बंद करायचे. दिवसातून चार वेळा हा खेळ चालायचा आणि आम्ही दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलायचो नाही.

मला स्कॅन हवा असायचा त्याचं कारण मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. मला तिथे फार एकटं वाटायचं. मी नगरमध्ये वाढले, मिशन कंपाउंडच्या मागच्या गल्लीत. लहानपणापासून चर्चच्या गायकवृंदात उभं राहायची सवय. डाव्या-उजव्या बाजूला कुणीतरी गात असलं की आपला सूर सुटला तरी सावरता येतो. आणि इथे एकदम डोंगर, एक गाडी, एक मामा. गाडीतून उतरलं की 'हिला जमंल का?' अशा नजरा. नदीकाठचे डॉक्टर आपसांत औषधांबद्दल बोलायचे, टँकरवाले एकमेकांची टिंगल करायचे, ऑफिसातल्या बाई कुणाला तरी झापायच्या. ते सगळं कानावर पडलं की बरं वाटायचं.

अर्थात स्कॅननं माझी फजितीही केली. सेट फिरत फिरत ज्या चॅनेलवर थांबलेला असतो, तिथेच आपलं उत्तर जातं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका गाईची तपासणी करून मी मामांच्या हातातला माइक घेतला आणि एक नंबरवर बोलतेय असं समजून खणखणीत आवाजात म्हटलं, "तीन महिने पूर्ण झालेत. जपायला सांगा, उड्या मारू देऊ नका." ते गेलं चार नंबरवर. ऑफिसातल्या बाई लगेच म्हणाल्या, "अभिनंदन मॅडम, पण लग्न कधी झालं?" पुढचे कितीतरी दिवस मला डेअरीवर चहाबरोबर आग्रहानं पेढा मिळत होता. मामांनी त्या दिवशी स्कॅन बंद केला तो उघड उघड, माझ्याकडे बघत.

त्याच सुमारास मासिक बैठकीत विषय निघाला, की पुढच्या सेटना स्कॅन घ्यायचा का. कोल्हारच्या बाजूचे मोठे डॉक्टर, ज्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो, ते खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "कशाला? ज्याचं त्यानं ऐकावं. आमच्या वेळी तर सेटच नव्हते." सगळे हसले. मला वाटलं, हे माझ्याकडे बघून म्हणाले. तशी मी रागीट आहे. बैठक संपेपर्यंत मी सरांशी मनातल्या मनात तीनदा भांडून घेतलं.

त्यानंतर दिवाळी झाली. डोंगरात भाताची कापणी चालू होती, सगळी माणसं खाचरांत. दुपारी एका वस्तीवरून निरोप आला, की गाय सकाळपासून अडलीय. आम्ही पोचलो तर अंगणात एक बाई गाईच्या मानेला धरून बसलेली. गाय डांगी, आमच्या त्या भागातली, काळ्यावर पांढरे ठिपके, अंगाला तेलाचा हात लावल्यासारखी चकाकी. पण डोळे आत गेलेले आणि कळा देऊन देऊन थकलेली.

बाईनं मला नमस्कार केला नाही, पाणी विचारलं नाही. एकदम म्हणाली, "हिला कायबी होता कामा न्हाई, बाई. ही माज्या आंदणाची हाय."

आंदण म्हणजे लेकीच्या पाठवणीत माहेरून दिलेली गाय. हिच्या आंदणात आलेल्या गाईची ही नात. मधल्या काळात एक दरीत पडून गेली, एक आजारानं गेली, बाकी सगळे गोऱ्हेच झाले. त्या वंशाची ही एकटीच उरली होती. बाईची मुलगी राजूरला कॉलेजात होती. "तिला हिचीच कालवड द्यायची हाय," बाई म्हणाली. "माज्या आईला शबूद दिलाय मी."

मी हात घालून पाहिलं. गर्भाशयाला पीळ पडला होता. ओलं लुगडं पिळल्यावर असतो तसा, उजवीकडे. वासरू आत होतं, हललंही, पण वाट बंद. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्यावर चांगले गुणही मिळवले होते. स्वतःच्या हातानं एकदाही सोडवलं नव्हतं. खाचरांतून चार माणसं बोलावली, गाईला दोरानं पाडलं आणि लोळवून पाहिलं. पुन्हा हात घातला. पीळ होता तसाच. पुन्हा लोळवलं. तसाच. गाय आता कळाही देईना.

बाई माझ्या तोंडाकडे बघत होती.

मी मामांना म्हटलं, "एक नंबरवर हाक मारा. कुणीही चालेल." मामांनी गाडी उलटी घेत घेत पार अंगणाच्या कडेला लावली, दार उघडं टाकलं आणि सेटचा आवाज पूर्ण वाढवला. एक नंबरवर तेव्हा माझ्याशिवाय आणखी एकच डॉक्टर असायचे, आणि ते त्या आठवड्यात रजेवर होते. हे मला माहीत होतं. तरी हाक मारायला लावली. मामा माइकमध्ये सांगत होते, "डांगी गाय, गर्भाशयाला पीळ, उजवीकडं, मॅडम एकट्या हायेत, कुनी ऐकतंय का?" आणि सेटमधून नुसती खरखर.

मग अचानक एक आवाज आला. "लोळवताना फळी ठेवली का विचार तिला."

सर होते. कोल्हारच्या बाजूचे सर, दोन नंबरचे. एक नंबरवर.

मला विचार करायलाही वेळ नव्हता, की हे इथे कसे ऐकताहेत. मी ओरडून सांगितलं, फळी नाही. मामांनी ते माइकमध्ये सांगितलं. सर म्हणाले, "नुसतं लोळवलं तर गाईबरोबर गर्भाशयही फिरतं, पीळ तसाच राहतो. उजव्या कुशीवर पाड. वरच्या कुशीवर लांब फळी ठेव, फळीवर माणूस उभा कर आणि मग गाय पाठीवरून पलीकडे लोळव. फळीनं आतलं दाबून धरलं, की गाय फिरते आणि पीळ सुटतो. आता फळी ठेवायची कशी ते नीट ऐक." एवढं बोलून त्यांनी श्वास घ्यायला बटण सोडलं असेल. रस्त्यात मी चालू केलेला स्कॅन तसाच राहिला होता; तेवढ्यात आमचा सेट उडी मारून तीन नंबरवर गेला.

तिथे दोन टँकरवाले गप्पा मारत होते. "पुलाच्या अलीकडंच उबा हाय. भजी लई झकास हायेत, तुज्यासाठी बांधून घिऊ का?"

सर तिकडे सांगत असणार आणि आम्ही इकडे भज्यांबद्दल ऐकत होतो. त्या भज्यांना मी जन्मात माफ करणार नाही असं मला तेव्हा वाटलं. मामांनी शिवी हासडली, ती मी इथे लिहीत नाही. त्यांनी बटणावर अशी थाप मारली, की सेट जागेवरून हलला. स्कॅन बंद, एक नंबर पक्का. "सर, तीन नंबरवाल्यांच्या भज्यांत मधलं गेलं. परत सांगा." सरांनी एका शब्दानंही न रागावता पहिल्यापासून सांगितलं. फळीचं एक टोक जमिनीवर टेकलेलं हवं, दुसरं कुशीवर. घाई नको, पण मधे थांबायचंही नाही.

फळी कुठून आणायची? घरात फळी नव्हती, शिडी खाचरांकडे नेलेली. बाई उठली आणि तिनं घराचं दार वर उचलून बिजागरीतून काढलं. जुनं, जाड, सागवानी दार. दोघांनी उचलून आणलं. पुढे कधीतरी सर मला म्हणाले होते, की बरं झालं तू शिंगणापूरच्या वस्तीवर नव्हतीस, तिथे दार कुठून आणलं असतंस?

दार कुशीवर ठेवलं. चार माणसं दोरांवर. मला गाईच्या मागे बसायचं होतं, हात आत ठेवून पीळ सुटतोय का ते बघायला. मामा डोकं धरणार. दारावर उभं राहायला एकच माणूस उरलं होतं.

बाई मागे सरकली. "मी न्हाई. गायीवर पाय कोन देतं?"

मी म्हटलं, पाय दारावर द्यायचाय. तिनं मान हलवली. "दार कशावर हाय मग?" तिची नजर माझ्या गळ्यातल्या क्रॉसवर गेली. "तुमी ऱ्हावा की बाई. तुमाला तेवढं न्हाई." त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच मार्ग सापडला होता. पण माझा हात आत होता. दोरांवरची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांच्यातलाही कुणी दोर सोडून पुढे येईना. मामा मान खाली घालून गाईचं शिंग धरून उभे. ते रोज सकाळी गाडीच्या स्टिअरिंगला हात लावून पाया पडणारे. त्यांना काय सांगणार?

सेटवरून आवाज आला, "काय अडलं?" मामांनी माइक ओढून घेतला आणि सांगितलं. क्षणभर खरखर. मग सर म्हणाले, "तिला सांग, नंतर पाया पडायला गाय जिवंत पाहिजे."

अंगणात सगळ्यांनी ते ऐकलं. बाईनं पायातल्या चपला काढल्या. गाईच्या चारही खुरांना हात लावून तो कपाळाला लावला. तिच्या कानाशी काहीतरी बोलली. मग पदर खोचून दारावर चढली आणि डोळे मिटून घेतले.

मी म्हटलं, ओढा.

गाय पाठीवर आली, चारही पाय आभाळाकडे, बाई दारावर हात पसरून तोल सांभाळतेय, दोरावरचा एक माणूस तिच्या पाठीला आधार द्यायला वाकलेला. गाय पलीकडे गेली. आणि माझ्या हाताभोवतीचं सगळं एकदम सैल झालं. गरम पाणी कोपरापर्यंत आलं. असं सैल होणं मी पुन्हा कितीदा तरी अनुभवलं आहे, पण त्या दिवशी मला वाटलं, माझ्याच छातीतलं काहीतरी सुटलं. मी मोठ्यानं हसत होते, असं मामा नंतर सांगायचे. मला आठवतं ते रडल्याचं. दोन्ही खरं असेल.

पुढचं सोपं होतं. दोन पाय, नाक, डोकं. वासरू बाहेर आलं, लुळं पडलेलं. मी त्याचं नाक पुसलं, छाती चोळली, गवताची काडी नाकात घातली. ते शिंकलं. मग बाईनं दारावरून उतरून, मला बाजूला सारून, स्वतः मागचे पाय उचलून पाहिलं. आणि मटकन खाली बसली.

"कालवड हाय," ती म्हणाली. तेवढंच. आणि मग गाईच्या पायांवर डोकं ठेवून बसून राहिली. आम्ही सगळे आपापल्या दोरांचे पीळ सोडवण्यात गुंतल्याचं नाटक करत होतो.

हात धुऊन मी गाडीपाशी गेले. माइक घेतला आणि म्हटलं, "सर, कालवड आहे. दोघी ठीक आहेत." सर म्हणाले, "बरं. आता तू पाणी पी."

मी माइक ठेवणार, तेवढ्यात सेटमधून आलं, कट-कट. मग थांबून आणखी एकदा कट-कट. मग चार-पाच वेगवेगळे, एकमेकांवर चढून. आणि शेवटी एक बिचकलेला आवाज, "मॅडम, टँकरवरून बोलतोय. मघाशी भज्यांचं तेवढं मनावर घिऊ नका. आमाला ठाऊक न्हवतं." ऑफिसातल्या बाईही होत्या, त्या फक्त म्हणाल्या, "या वेळचे पेढे खरे." जिल्ह्याच्या त्या कडेपासून इकडच्या कडेपर्यंत, नदीकाठावर, पुलावर, ऑफिसात, एवढी माणसं माझ्या त्या अंगणात उभी होती आणि मला वाटत होतं की मी एकटी आहे. मी गाडीच्या पायरीवर बसले. किती महिन्यांनी मला तिथे बरं वाटत होतं, ते मोजायच्या भानगडीत पडले नाही.

परत येताना मामांनी स्कॅनच्या बटणाकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "बगा, स्कॅन होता म्हनून घोळ झाला. मी सांगत हुतो." मी म्हटलं, "मामा, सरांच्या गाडीत स्कॅन चालू होता म्हणूनच त्यांना ऐकू आलं." मामांनी एक गिअर टाकला, दुसरा टाकला. "मंग त्यांच्या गाडीत असू द्या," ते म्हणाले. "आपल्यात नको."

हसू आलं, पण त्यात तथ्य होतं. ज्याला मदत हवी त्यानं स्कॅन बंद करावा, ज्याला मदत करता येईल त्यानं चालू ठेवावा. अडचण एवढीच, की सकाळी गाडीत बसताना आज आपण दोघांपैकी कोण असणार आहोत ते कळत नाही. पुढच्या बैठकीत मी सरांना विचारलं, की तुम्ही तर म्हणाला होतात ज्याचं त्यानं ऐकावं. ते चष्मा पुसत म्हणाले, "म्हणालो होतो. पण नव्या पोरी एकट्या डोंगरात जायला लागल्यापासून मी बटण चालूच ठेवतो. बैठकीत कशाला सांगायचं?" माझ्या मनातली सगळी भांडणं त्या एका वाक्यात संपली. मला लाज वाटली आणि फार हलकंही वाटलं.

त्यानंतर मामांशी माझा करार झाला. रस्त्यावर असताना स्कॅन चालू. कुठल्याही अंगणात गाडी उभी राहिली की बंद. मामांनी तो निवृत्त होईपर्यंत पाळला.

आता सरही निवृत्त झाले आहेत. त्या बाईच्या मुलीचं लग्न मागच्या उन्हाळ्यात झालं. मला आग्रहाचं बोलावणं होतं. मांडवाच्या एका कोपऱ्यात ती कालवड, आता मोठी गाय झालेली, शिंगांना गोंडे बांधून उभी होती. बाईनं माझ्या हातात हळदीकुंकवाची वाटी दिली आणि गाईकडे बोट दाखवलं. मी चर्चला जाणारी बाई. पण त्या दिवशी मी गाईच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि कुणालाच त्यात वेगळं वाटलं नाही. मुलगी दिली होती कोल्हारच्या बाजूला, प्रवरेच्या काठी. पाठवणीच्या वेळी टेम्पोत गाय चढवली तेव्हा बाई लेकीसाठी रडली आणि गाईसाठीही. मला म्हणाली, "आता गाय तुमच्या हातात न्हाई ऱ्हायली."

म्हणून नव्या गाडीत मी स्कॅन लावून घेतला. गेल्या आठवड्यात घाटातून उतरत असताना सेट दोन नंबरवर थांबला. नदीकाठची नवी डॉक्टरीण ऑफिसला सांगत होती, "डांगी होती. मी पोचायच्या आत आपली आपण मोकळी झाली, वासराला चाटत उभी होती. घरातली सून म्हणाली, माझ्या आंदणाची आहे, आलाच आहात तर एकदा बघून जा."

दोन नंबर माझा नाही, तिथे मी बोलत नाही. मी गाडी कडेला घेतली आणि माइकचं बटण दोनदा दाबलं.